गाडी कूलंट पितेय, खाली थेंब नाही. हेड उघडायचं का?

कुंभार्लीकर | रवि, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग लाखाला टेकलंय. चिपळूण-कराड ये-जा असते, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. गेल्या पावसाळ्यापासून ही बया कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पितेय. डबा 'फुल'च्या रेघेपर्यंत भरावा, तर पंधरवड्यात 'लो'च्या खाली. टेंपरेचरचा काटा या गाडीला नाहीच, नुसता निळा आणि लाल दिवा. लाल अजून कधी पेटला नाही. घाट चढून हेळवाकला चहाला थांबलं की बॉनेटपाशी गोडसर वास येतो, एवढंच.

मेकॅनिकने आधी वरचा होज बदलला. मग थर्मोस्टॅट. मग अख्खा रेडिएटर नवा टाकला. फरक शून्य. आता म्हणतो, "साहेब, हेड गॅसकेट गेलंय. हेड उतरवावं लागेल, पंचवीस हजार धरून चाला." (हेड म्हणजे इंजिनचं वरचं डोकं, गॅसकेट म्हणजे त्याखालचं सील.) ऑइल स्वच्छ आहे, सायलेन्सरमधून धूर नाही, पार्किंगची फरशी कोरडी. पंचवीस हजार घालायला ना नाही, पण त्यानंतरही पाणी कमी झालं तर? कोणाला असा अनुभव?

खुर्चीवरचा_ड्रायव्हर | रवि, रात्री ९.५२

जागा पकडून बसतोय. पानाकाका येईपर्यंत कोणी हेड उघडू नका.

डिझेलदादा | रवि, रात्री १०.१५

बाहेर थेंब नाही म्हणजे आत जळतंय, सरळ हिशोब आहे. हेड गॅसकेटच. आणि तो थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्याकडच्या हवेत त्याचं काही काम नाही. आमच्या नाशकात निम्म्या जुन्या गाड्यांना नाहीये.

पाना_नंबर_तेरा | सोम, सकाळी ७.०५

दादा, थर्मोस्टॅट काढायचा सल्ला लोकांना देऊ नका राव. तो साधारण ८२ ते ९० डिग्रीला उघडतो, तोवर इंजिन पटकन तापावं म्हणून पाणी अडवून धरतो. काढून टाकला की हायवेला इंजिन थंडच पळतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून वॉर्मअप चाललाय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात खपून गेलं ते आता नाही खपत.

कुंभार्लीकर, तुमच्या मिस्त्रीने तीन पार्ट बदलले, पण तपासलं काय, ते कुठंच लिहिलं नाही तुम्ही. कोल्हापुरात तीस-पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं मी. हेड गॅसकेट गेलेल्या गाड्या बघितल्या, आणि हेड गॅसकेट न जाता हेड उतरवलेल्या त्याहून जास्त बघितल्या. गॅसकेट गेलं की गाडी कुठंतरी बोलते. सकाळी थंड इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होज दाबून बघा. पाणी तापलेलं नसताना होज टणक झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. झाकण उघडं ठेवून स्टार्ट केलं, हे पण थंड असतानाच, तर बुडबुडे थांबत नाहीत. स्पार्क प्लग काढा. जो सिलिंडर पाणी पितो त्याचा प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यागत साफ निघतो. ऑइल कॅपखाली साय धरते. हिवाळ्यात सकाळी दोन मिनिटं पांढरा धूर येतो तो मात्र मोजू नका, ती सायलेन्सरमधली वाफ.

यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावायचा नाही.

सोनचाफा | सोम, सकाळी ८.३१

पानाकाकांशी सहमत. मी पुण्यात गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

कुंभार्लीकर, एक प्रश्न. नवीन रेडिएटर टाकला तेव्हा त्याचं झाकण नवीन आलं, की जुनंच बसवलं? बाहेरून घेतलेले रेडिएटर बऱ्याचदा झाकणाशिवाय येतात आणि मेकॅनिक जुनं झाकण फिरवून मोकळा होतो.

विचारायचं कारण असं. कूलिंग सिस्टिम म्हणजे कुकर. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही १२० डिग्रीच्या वर जाईपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं तर अजून उशिरा. झाकणाची स्प्रिंग थकली, रबर चिरलं आणि ते अर्ध्या बारलाच सोडायला लागलं, तर पाण्याचा उत्कलनबिंदू १११-११२ वर येतो. चालत्या गाडीत हे जाणवणार नाही. घाट चढून इंजिन बंद केलंत की पंप थांबतो, आणि हेडमधली उष्णता तिथल्या तिथे साठलेल्या पाण्यात उतरते. तिथे उकळी फुटते, पाणी डब्यात ढकललं जातं, डबा भरला की वरच्या बारक्या नळीतून बाहेर. ती नळी चाकाच्या कमानीत सोडलेली असते. हेळवाकच्या टपरीसमोर सांडलेलं तुमच्या पार्किंगमध्ये कसं दिसणार?

शिवाय झाकणात खालच्या बाजूला एक छोटी चकती असते, उलट्या दिशेने उघडणारी. गाडी थंड होताना आत ओढ तयार होते, तेव्हा ती डब्यातलं पाणी परत रेडिएटरमध्ये घेते. ती चिकटली तर डबा भरलेला आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. म्हणून नुसता डबा बघून समाधान मानू नका. गाडी रात्रभर थंड झाल्यावर झाकण उघडून रेडिएटर काठोकाठ आहे का बघा. गरम असताना फडकं धरूनही उघडू नका. हात आणि तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

लाल दिव्यावरही फार विसंबू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तर पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उतरून तो हवेत उघडा पडला तर इंजिन भाजत असताना दिवा गप्प राहू शकतो. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (कॉम्प्युटर तपासायच्या खाचेला) लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल मिळतो, मोबाइलवर खरं तापमान दिसतं. घाटात नेहमी जाणाऱ्याकडे असावा.

कुंभार्लीकर | सोम, रात्री ८.१०

ताई, झाकण जुनंच आहे! आज सकाळी उघडलं. रेडिएटरमध्ये पाणी काठापासून चांगलं बोटभर खाली, डबा मात्र अर्धा. झाकणाचं रबर चपटं झालंय आणि एका बाजूला नखाने उचलेल अशी चीर. आकडा १.१. पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीत टॉर्च मारली तर प्लास्टिकवर गुलाबी ओघळ वाळलेले. गाडीतलं कूलंट गुलाबीच.

काका, होज टणक नाही, बुडबुडे नाहीत. प्लग चारही सारखेच बदामी.

डिझेलदादा | सोम, रात्री ८.४४

बरं, पेट्रोलपुरतं मागे घेतो. पण धागा डिझेलवाले पण वाचत असणार म्हणून सांगतो. माझी एसयूव्ही अशीच पाणी प्यायची. थेंब नाही, ऑइल स्वच्छ. निघालं काय, तर ईजीआर कूलर. एक्झॉस्टचा गॅस थंड करायला त्यात कूलंट फिरतं, आतली जाळी फुटली की पाणी थेट इनटेकमध्ये (इंजिनच्या हवेच्या वाटेत) जाऊन जळतं. ईजीआर व्हॉल्व्ह काढल्यावर आतली काजळी ओली होती. हेड उतरवायच्या आधी डिझेलवाल्यांनी हे बघाच. मी हेड उतरवून मग बघितलं.

किनारपट्टी | सोम, रात्री ९.२०

आमच्याकडे अलिबागला वेगळीच तऱ्हा. गाडीत डाव्या बाजूचं पायदाण ओलं. सगळे म्हणाले एसीची ड्रेन नळी तुंबलीय. तुंबली होतीच, ती साफ केली, तरी ओलं. शेवटी बोटाने पाहिलं तर चिकट. एसीचं पाणी नुसतं पाणी असतं, कूलंट बोटांना चिकटतं आणि वासाला गोड. पावसात काच आतून तेलकट धुरकट व्हायची तीही पुसून जायची नाही. डॅशबोर्डच्या आतला हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळत होता. आपण कोकणात हीटर आयुष्यात लावत नाही, पण पाणी त्यातून फिरतंच.

पाना_नंबर_तेरा | मंगळ, सकाळी ६.५०

कुंभार्लीकर, झाकण आधी बदला, त्याच आकड्याचं. १.१ च्या जागी 'जास्त चांगलं' म्हणून वरच्या आकड्याचं लावू नका, जुने होज आणि प्लास्टिकच्या टाक्या तेवढ्या दाबाला नाहीत. आणि झाकणाने प्रश्न मिटला असं समजून सोडून पण देऊ नका. जुन्या झाकणात दाबच धरत नव्हता, म्हणून बाकीच्या कच्च्या जागा झाकल्या गेल्या. आता खरा दाब बसेल. बघा काय बोलतंय.

कुंभार्लीकर | (दोन आठवड्यांनी) रवि, दुपारी ४.००

नवीन झाकण टाकलं. कमानीतले ओघळ बंद. कूलंट कमी होण्याचा वेग निम्म्याहून कमी झाला, पण थांबला नाही. आणि काकांचं खरं झालं, वास आधीपेक्षा जास्त येतोय. मेकॅनिक परत हेडवर आलाय. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकला, कोरडा.

सोनचाफा | रवि, सायंकाळी ५.१५

आता प्रेशर टेस्ट. हेच आधी व्हायला हवं होतं. हातपंप असतो, त्याला दाबाचं घड्याळ. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी बसवायचा, झाकणावर लिहिलेला दाब भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायचं. इंजिन बंद, पंखा बंद, काही तापलेलं नाही, म्हणून जे गळेल ते वाळत नाही, डोळ्यांना दिसतं. चालू गाडीत बारीक गळती गरम लोखंडावर पडून तिथेच उडून जाते आणि मागे फक्त खपली उरते.

रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या जुन्या दुकानांत हा पंप हमखास असतो. त्याच पंपावर झाकणही तपासता येतं, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. तुमचं जुनं झाकण ठेवलं असेल तर तेही न्या. फक्त पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरून 'टेस्ट' करायला कोणालाही देऊ नका. तो सात-आठ बारचा दाब, रेडिएटरची प्लास्टिक टाकी क्रिंपमधून (पत्रा दुमडलेल्या जोडातून) उघडेल.

काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर मग सिलिंडरकडे संशय. तेव्हा निळ्या द्रवाची टेस्ट करायची. रेडिएटरच्या तोंडाशी नळी धरून वरची हवा त्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा गॅस असेल तर निळा पिवळा होतो. पाण्याची पातळी आधी थोडी खाली घ्यायची, नाहीतर कूलंटच ओढलं जाऊन द्रव खराब.

खुर्चीवरचा_ड्रायव्हर | रवि, सायंकाळी ५.२०

पंचवीस हजारांच्या आधी पंपाची टेस्ट. लिहून ठेवतो.

कुंभार्लीकर | शनि, रात्री ९.३०

मंडळी, सापडलं!

कराडला एक जुने रेडिएटरवाले आहेत, त्यांच्याकडे पंप निघाला. आधी जुनं झाकण लावून पाहिलं. काटा अर्ध्याच्या पुढे जाईना, फुस्स. मग गाडीला लावला. १.१ भरला. पाच मिनिटं काटा जागचा हलला नाही, मला वाटलं झालं, काही नाही. मग हळूच उतरायला लागला. होजच्या जोडांवर हात फिरवला, कोरडे. पाण्याच्या पंपाखालचं बारीक भोक बघितलं, कोरडं. त्या चाचांनी एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीचा ट्रे काढून बाजूला ठेवला, माझ्याच मोबाइलची टॉर्च लावून छोटा आरसा आत घातला. हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला काळ्या प्लास्टिकचा एक फाटा आहे, तिथून रेडिएटरचा आणि हीटरचा होज निघतो. हीटरच्या नळीच्या मुळाशी केसाएवढी चीर, तीवर थेंब हळूहळू फुगतोय. तो तिथून सरळ गिअरबॉक्सच्या पाठीवर. तिथे गुलाबी-पांढरी खपली बोटाच्या जाडीची साचली होती, वरून मात्र एअर फिल्टरने झाकलेली. चाचा म्हणाले, "ये देखो आपका हेड गॅसकेट."

पाना_नंबर_तेरा | शनि, रात्री ९.५५

शाब्बास! चाचांना माझा नमस्कार सांगा.

ते प्लास्टिक दहा वर्षं तापून-थंड होऊन ठिसूळ होतं. अरल्डाइट, एम-सील काही लावू नका, आठवडाभर टिकेल आणि नेमकं घाटात सुटेल. अख्खा फाटा बदला, मागची रबर रिंग नवी. बसवायच्या आधी हेडचं तोंड साफ करा, जुनं सिलिकॉन घासून काढा, पण पटाशीने खरवडू नका. अ‍ॅल्युमिनियम आहे, ओरखडा गेला की तिथूनच परत पाझर. बोल्ट सहा एमएमचे असतात. जोर दाखवायची जागा नव्हे ती. मिस्त्रीला टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळायचा) लावायला सांगा.

कुंभार्लीकर | रवि, सकाळी १०.०५

पार्ट मागवला, किंमत हजाराच्या आत! आता भरताना काय काळजी घ्यायची? आजवर गडबडीत कधी कूलंट तर कधी हॉटेलचं पाणी घातलंय.

सोनचाफा | रवि, सकाळी ११.४०

मग सगळं काढून एकदा डिस्टिल्ड वॉटरने धुवून घ्या. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते इंजिनच्या आत थर धरतात, आणि उष्णता बाहेर पडायची वाट तिथे अडते. मराठवाड्यात बोअरचं पाणी घातलेल्या गाडीच्या आतल्या भिंती खवल्यांनी भरलेल्या असतात.

कूलंट घेताना डब्यावर 'कॉन्सन्ट्रेट' आहे की 'रेडी टू यूज' ते वाचा. दुसऱ्यात पाणी आधीच घातलेलं असतं, आपण आणखी घातलं की गंज रोखणारी रसायनं अपुरी पडतात. उलट नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणंही चूक, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंगावर जाऊ नका. गुलाबी, हिरवा, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग, त्यांना सगळीकडे लागू असा नियम नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला प्रकार बघा. दोन वेगळे प्रकार मिसळले की कधीकधी आत जेलीसारखा गाळ होतो.

भरायची पद्धत: गाडीचं तोंड जरा चढाला, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू (आतली हवा काढायचा) असेल तर तो सैल, आणि सावकाश ओता. मग झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलला. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, भरत राहा. पातळी स्थिरावली की झाकण लावा, आणि पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम वारा आला नाही तर अजून आत हवा आहे. पहिले काही दिवस रोज सकाळी थंड गाडीची पातळी बघा, थोडी उतरणारच. उरलेली हवा निघते ती.

उत्तरध्रुव | रवि, रात्री ११.५०

कॅनडातून भर घालतो. आमच्याकडे प्रमाण चुकलं तर पाणी गोठून इंजिनचा ब्लॉकच फुटतो, म्हणून सगळे मोजतात. निम्मं-निम्मं प्रमाण उणे ३७ च्या आसपास गोठतं, आणि नुसतं शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच. ऐकून धक्का बसतो, पण तसंच आहे. कोकणात गोठायची भीती नाही, तरी गंजासाठी पुस्तकातलं प्रमाण पाळा. प्रमाण मोजायचा छोटा हायड्रोमीटर ऑनलाइन मिळतो.

कुंभार्लीकर | (महिन्याभराने) शुक्र, रात्री ८.२०

अपडेट देतो. फाटा बदलला, रिंग नवी, सगळं धुवून नवं कूलंट. मधल्या काळात भर उन्हात कुंभार्ली केला, एसी चालू, मोबाइलवर ९६ च्या वर गेलं नाही. हेळवाकला वास नाही. डबा रेघेवर. हेड जागच्या जागी. मेकॅनिकला फोटो दाखवला, तो म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो."

जुनं कूलंट एका कॅनमध्ये आहे. मोरीत ओतू का?

पाना_नंबर_तेरा | शुक्र, रात्री ८.४०

मोरीत नाही, गटारात नाही, झाडाला तर मुळीच नाही. विष आहे ते, आणि गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात. आमच्या गल्लीतली एक कुत्री अशीच गेली होती. कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा, बूच घट्ट लावा, आणि जिथं वापरलेलं ऑइल जमा करतात अशा सर्व्हिस सेंटरला विचारून द्या.

किनारपट्टी | शुक्र, रात्री ९.१५

काका, हीटर कोअरसाठी बाटलीतलं लीक-स्टॉप चालेल का? डॅशबोर्ड उघडायला कोणी तयार होत नाहीये.

पाना_नंबर_तेरा | शुक्र, रात्री ९.३०

नको. ते गळती कुठली आणि बारीक नळी कुठली ते ओळखत नाही, हीटर कोअर आणि रेडिएटर दोन्ही तुंबवेल. तुम्ही एक करा, हीटरचे दोन्ही होज फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) सोडवून आपसात जोडून टाका, कोअर बायपास. कोअरकडे जाणारी वाट बंद करायचीय, पाण्याचा फेरा नव्हे, म्हणून बूच मारू नका, जोडा. अलिबागला तुम्हाला हीटर लागत नाही. दिवाळीनंतर हाताला सवड असलेला इलेक्ट्रिशियन गाठून डॅशबोर्ड उघडा.